लाइट तं तुमच्यापाशी हाये ना

सकाळी आठला तर्री-पोह्याच्या ठेल्यावर कोणता विषय निघेल याचा नेम नसतो, पण लंडनचे नागडे सायकलवाले निघतील असं मला वाटलं नव्हतं. मोबाइल हातोहात फिरला. शेकडो बाया-माणसं, अंगावर सूत नाही, डोक्यावर मात्र हेल्मेट, पाठीवर रंगानं लिहिलेल्या घोषणा, आणि सगळे मजेत सायकली हाणताहेत. बाजूला पोलीस, तोही सायकलवर, आणि अर्थातच गणवेशात.

‘‘हे असे उघडे काहून फिरून राह्यले बे?’’

‘‘पर्यावरणासाठी.’’

‘‘मंग कपड्यायनं काय घोडं मारलं त्यायचं?’’

ठेलेवाल्यानं पोह्यांवर रस्सा ओतता ओतता निकाल दिला, ‘‘एप्रिलात इकडं आणा त्यायले. सीटवर बसले का समजन.’’

सगळे हसले, मीही हसलो. मे २०१३ मध्ये ज्या नागपूरनं ४७.९ अंश तापमान पाहिलं, तिथं हा युक्तिवाद बिनतोड आहे. आपल्याकडे उन्हाळा आला की माणूस कपडे काढत नाही, वाढवतो. डोक्याला दुपट्टा, वर सनकोट, कोपरापर्यंत हातमोजे, खिशात कांदा. नवतपात सिग्नलवर थांबलेली बाई फक्त डोळ्यांपुरती दिसते. या गावात नग्न सायकलफेरी काढायची तर जानेवारीतच काढावी लागेल, आणि जानेवारीत आपण स्वेटरशिवाय संडासलाही जात नाही.

पण त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ठेल्यावर कोणी दिलं नाही. कपड्यांनी काय घोडं मारलं होतं?

स्पेनमध्ये सारागोसा नावाचं शहर आहे. तिथल्या सायकलवाल्यांनी २००१ साली कपडे उतरवून मोर्चा काढला. त्यांची घोषणा होती, ‘वाहतुकीपुढे नग्न’. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या कॉनरॅड श्मिट या कार्यकर्त्यानं पुढं ही कल्पना जगभर नेली, आणि १२ जून २००४ रोजी दहा देशांतल्या अठ्ठावीस शहरांत अशी फेरी एकाच दिवशी निघाली. तेव्हापासून ती दरवर्षी निघते. अमेरिकेतल्या पोर्टलंडला तर एखाद्या वर्षी दहा हजारांच्या आसपास लोक जमतात. संपूर्ण नग्न व्हायची सक्ती नाही. ज्याला जितकं झेपेल तितकं त्यानं उघडं व्हावं, असा त्यांचा रिवाज आहे. मागण्या दोनच. तेल जाळणं कमी करा, आणि आम्हाला चिरडू नका.

पहिल्या मागणीसाठी कपडे काढायची गरज नाही, हे मलाही पटतं. पेट्रोलचा धूर आणि कमरेखालचं वस्त्र यांचा संबंध जोडायला बरीच कविता लागते. पण दुसऱ्या मागणीशी नग्नतेचं नातं अगदी सरळ आहे, आणि ते मराठी माणसाला स्पॅनिश माणसापेक्षा लवकर कळायला हवं. आपल्या भाषेत ‘उघडं’ या शब्दाचा पहिला अर्थ लाजेचा नाहीच. घर गेलं की संसार उघड्यावर येतो. बाप गेला की लेकरं उघडी पडतात. पाऊस आला आणि बाजार समितीत सोयाबीन उघड्यावर असलं की काळजात धस्स होतं. उघडं म्हणजे ज्याच्यावर छप्पर नाही, ज्याच्या पाठीशी कोणी नाही. सारागोसाच्या त्या घोषणेचं खरं मराठी करायचं तर ते ‘आम्ही उघड्यावर आहोत’ असंच होईल. मोटारवाल्याभोवती टनभर लोखंड, पट्टा, फुग्याची पिशवी, सायकलवाल्याभोवती शर्ट. तो शर्ट असला काय नि नसला काय, बंपरला फरक पडत नाही. एवढंच दाखवायला ते लोक शर्ट काढतात. आणखीही एक गोष्ट त्यात आहे. रोज ज्याच्याकडे कोणी बघत नाही, त्याच्याकडे त्या दिवशी सगळे बघतात. आता तरी दिसलो का, असा तो प्रश्न असतो.

हा प्रश्न मला हसून सोडून देता येत नाही, याला एक खासगी कारण आहे.

काही वर्षांपूर्वी डिसेंबरात, रात्री दहाच्या सुमारास मी हिंगणा एमआयडीसीकडून शहराकडे गाडीनं येत होतो. समोरून ट्रक, त्याचा अप्पर थेट डोळ्यांत. दोन-तीन सेकंद मला काहीच दिसलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्या दोन-तीन सेकंदांत मी ब्रेकही मारला नाही. आपण कोणीच मारत नाही. रस्ता मघाशी रिकामा होता म्हणजे आताही रिकामाच असणार, या भरवशावर गाडी चालू ठेवतो. ट्रक गेला तेव्हा माझ्या बॉनेटच्या डाव्या कोपऱ्याशी एक सायकल होती. स्टिअरिंग फिरवलं, आरसा हँडलला घासला आणि माणूस सायकलसकट कडेला आडवा झाला.

पन्नाशीचा गडी. माकडटोपी, मातकट शाल, हँडलला पिशवीत डबा. नाइटला निघाला होता. उठल्या उठल्या त्यानं आधी डबा उचलला. भाकर पिशवीतच राहिली होती, वांग्याची भाजी मात्र रस्त्यावर सांडली होती. मी खाली उतरलो आणि घाबरलेला माणूस जे करतो तेच केलं, त्याच्यावरच तोंड टाकलं. ‘‘काका, मागं काही लाइट-रेडियम नको का लावायला? दिसणार कसं?’’

तो रागावला नाही. टोमणाही नव्हता त्याच्या आवाजात. एखादी साधी गोष्ट समजावून सांगावी तसा म्हणाला, ‘‘लाइट तं तुमच्यापाशी हाये ना, साहेब.’’

मग त्यानं मागचं चाक उचलून हातानं फिरवून पाहिलं. रिम ब्रेकला घासत होती. ‘‘जाते,’’ म्हणाला. मी पैसे पुढं केले, ते त्यानं पाहिले न पाहिल्यासारखं केलं. म्हणाला, ‘‘डब्याचं झाकण पाहा बरं सापडते का.’’ मी मोबाइलचा टॉर्च लावून झाकण शोधत बसलो. ते सिमेंट रस्त्याच्या कडेखाली पडलं होतं. तिथं वाकलो तेव्हा पहिल्यांदा ती कड नीट पाहिली. सिमेंटचा थर संपतो आणि मुरूम सुरू होतो त्या दोहोंत माझी वीत सहज बसली. सायकलवाला कडेनं का चालत नाही, रस्त्याच्या मधात का येतो, असा शेरा मी याआधी किमान शंभरदा मारला असेल. कडेला गेला तर तो पडतो. आत आला तर मी त्याला पाडतो.

गणवेश, शाल, स्वेटर, माकडटोपी, सगळं घालूनही तो माणूस माझ्यापुढं उघडाच होता. लंडनवाल्यांना जे दाखवायला कपडे उतरवावे लागतात, ते हिंगण्याच्या रस्त्यावर रोज रात्री अंगभर कपड्यांत दिसतं. म्हणजे दिसत नाही.

आपली वर्तमानपत्रंही त्याला पाहत नाहीत. आतल्या पानावर चार ओळींची बातमी असते : ‘अज्ञात वाहनाच्या धडकेत सायकलस्वार ठार’. ही ओळ इतक्यांदा छापून आली आहे की ती वाचताना आपण थांबतही नाही. जरा थांबून पाहा. वाहनानं धडक दिली. म्हणजे वाहन चालवणारा कोणी नव्हताच. आणि ते वाहन अज्ञात. वाघ आला नि घेऊन गेला, असा तो सूर. चोरी झाली तर ‘अज्ञात चोरट्यानं’ असं लिहितात, ‘अज्ञात पिशवीनं दागिने नेले’ असं कोणी लिहीत नाही. रस्त्यावर मात्र लोखंड स्वतःच्या मर्जीनं फिरतं. मेलेल्याचं नाव दिलं असलं तरी वय आणि गाव यापलीकडे काही नाही. सायकल कुठं निघाली होती, कडेला जागा होती का, दिवा होता का, हे विचारायची रीतच नाही. देशात २०२२ साली १ लाख ६८ हजार ४९१ माणसं रस्त्यावर मेली. त्यांत पायी चालणारे जवळजवळ ३३ हजार आणि सायकलवाले साडेचार हजारांवर. मोटारीत बसलेला माणूस मेला की निदान एअरबॅग उघडली होती का, यावर तरी चर्चा होते.

जाता जाता एक कामाची गोष्ट. धडक देऊन पळालेलं वाहन सापडलंच नाही, तरी मृताच्या कुटुंबाला दोन लाख रुपये भरपाई मिळते; आधी ही रक्कम पंचवीस हजार होती, एप्रिल २०२२ पासून ती वाढली. सायकलवरून कामाला जाणाऱ्यांच्या किती घरांत हे ठाऊक असेल, याचा अंदाज तुमचा तुम्ही करा.

आता नग्नतेकडे परत येतो, कारण खरी अडचण तिथं आहे असं पुष्कळांना वाटतं. ‘हे असलं आपल्या संस्कृतीत बसत नाही’ हे वाक्य मी ठेल्यावरही ऐकलं. मला ते कच्चं वाटतं. नागपूरहून रामटेकला जाणाऱ्या रस्त्यावर दिगंबर जैन मुनींचा विहार पाहिलेले हजारो लोक या शहरात आहेत. रामटेकच्या शांतिनाथ मंदिरात आचार्य विद्यासागर यांनी अनेक चातुर्मास केले. २०२४ मध्ये डोंगरगडला त्यांचं देहावसान झालं, तोवर ते आयुष्यभर पायीच चालले. हे मुनी वस्त्र वापरत नाहीत आणि वाहनही वापरत नाहीत. ऊन असो, थंडी असो, अनवाणी. सूर्य मावळला की मुक्काम. म्हणजे नग्न माणसानं इंधन न जाळता सार्वजनिक रस्त्यानं जाणं, हे आपल्याकडे सारागोसाच्या कितीतरी शतकं आधीपासून चालू आहे, आणि त्यांना पाहून आपण गाडी बाजूला घेतो, हात जोडतो. कुंभात नागा साधू निघाले की दूरदर्शनवर थेट प्रक्षेपण असतं. तेव्हा देह दिसला म्हणून संस्कृती बुडते, हे काही खरं नाही. देह कोणाचा, कशासाठी, एवढंच आपण पाहतो. आणि मुनींच्या बाजूनं चालणारे श्रावक रस्त्याच्या कडेनं झेंडे घेऊन का चालतात, हेही एकदा पाहावं. भक्ती आहेच, पण मागून येणारा ट्रक हेही कारण आहे.

कायद्याचं म्हणाल तर तोही वाटतो तितका सरळ नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९६ खाली सार्वजनिक ठिकाणी अश्लील कृती करून लोकांना त्रास दिला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण नग्न म्हणजे अश्लील, असं समीकरण आपल्या न्यायालयांनी मांडलेलं नाही. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं टेनिसपटू बोरिस बेकरच्या छायाचित्राच्या प्रकरणात, चित्र कोणत्या संदर्भात छापलं आणि त्यातून काय सांगायचं होतं ते पाहा, असंच म्हटलं. इंग्लंडातही पोलीस या फेरीला हात लावत नाहीत, कारण तिथल्या कायद्याला नुसती नग्नता पुरत नाही. समोरच्याला भिववण्याचा किंवा मनस्ताप देण्याचा हेतू लागतो. म्हणून उद्या नागपुरात कोणी असं काही केलंच तर त्याला तुरुंगात टाका म्हणणाऱ्यांत मी नसेन. आपल्या कायद्याला वस्त्राची काळजी आहे, पण ती निराळ्या जागी. दुचाकीच्या मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारी जाळी हवी, मागं बसलेल्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून, असा केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियमच आहे. साडी गार्ड म्हणतो आपण तिला. पदराची एवढी कदर करणारा देश पदराच्या मालकिणीला रस्ता ओलांडायला जागा ठेवत नाही, ही गोष्ट वेगळी.

मग माझा या फेरीला पाठिंबा आहे का? तिथं, त्यांच्या गावात, आहे. इथं नाही. कारण ऊन नाही, कायदा नाही, संस्कृती तर नाहीच.

एक कारण किरकोळ आहे, ते आधी उरकतो. अर्धनग्न आंदोलन हा प्रकार नागपूरला नवा नाही. उलट आपल्याकडे तो इतका झाला की त्याची धार गेली. हिवाळी अधिवेशनाचे दिवस आठवा. यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघतात, मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला अडवले जातात. त्यांत कोणी मुंडण करतं, कोणी भीक मागतं, कोणी शर्ट काढतं. बंदोबस्तावरचा शिपाई पहिल्या दिवशी पाहतो, तिसऱ्या दिवशी बॅरिकेडला टेकून चहा पितो. याच टी-पॉइंटजवळ २३ नोव्हेंबर १९९४ रोजी गोवारींच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसं गेली. त्यांच्या नावाचा उड्डाणपूल आज सीताबर्डीवरून जातो आणि त्यावरून आपण साठच्या वेगानं गाड्या काढतो. इतकं पाहिलेल्या शहराला चार उघड्या पाठींनी धक्का बसेल, असं समजणं भाबडेपणाचं आहे.

खरं कारण निराळं आहे, आणि ते या शहराच्या मधोमध उभं आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर लाखो माणसं जमली, ती शुभ्र कपड्यांत. ज्यांच्या बापजाद्यांना नवं लुगडं, पायात वहाण, अंगावर चांदीचा दागिना यासाठीही मार खावा लागला, ती माणसं धुतलेलं पांढरं नेसून आली होती. त्याआधी एकोणतीस वर्षं, डिसेंबर १९२७ मध्ये महाडला, बाबासाहेब बायांशी बोलले तेव्हा त्यांनी धर्मग्रंथांइतकंच लुगड्याबद्दल सांगितलं : अस्पृश्यतेची खूण म्हणून जे नेसणं तुमच्यावर लादलंय ते सोडा, इतर बाया नेसतात तसं नेसा. दुसऱ्या दिवशी बाया तशा नेसून आल्या. आजही आपल्या चौकाचौकांत निळा कोट घातलेला पुतळा उभा आहे; तो कोट ही सजावट नव्हे, तो मुद्दा आहे. आणि इथून पाऊणशे किलोमीटरवर सेवाग्रामला ज्या माणसाची झोपडी आहे, त्यानं सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराईत अंगरखा उतरवला तो कायमचा. त्याला उतरवणं परवडलं, कारण त्याच्याकडे उतरवायला होतं. मी इथं दोघांना तराजूत घालत नाही. पण वस्त्र काढून बंड करता येतं तसं वस्त्र चढवूनही करता येतं, हे नागपूर-वर्ध्याच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला निराळं सांगायला नको.

हिंगण्याच्या त्या गड्याला मी म्हणू शकतो का, की काका, तुमची असुरक्षितता जगाला कळावी म्हणून शाल काढा? तो मला वेड्यात काढेल. शाल ही त्याची कमाई आहे. ज्याची अब्रू रोज नव्यानं तपासली जाते, मुकादमाकडून, सोसायटीच्या गेटवरच्या गार्डकडून, बँकेच्या काउंटरवरून, त्याला नीटनेटकं दिसणं हे चिलखत असतं. धुणीभांडी करायला सायकलनं येणाऱ्या बाईचं तर विचारूच नका. अंगभर साडी, वर शर्ट, तोंडाला दुपट्टा, तरी चौकातली नजर तिच्या मागं येतेच. नग्न फेरीत सामील व्हायला आधी हा विश्वास लागतो की आपण परत कपडे घातले की आपली जागा आपल्याला परत मिळेल. तो विश्वास लंडनच्या कारकुनाकडे आहे. आपल्याकडे तो थोड्यांकडे आहे, आणि जे थोडे आहेत ते रोजच्या कामाला सायकलनं जात नाहीत.

नाइलाजानं नग्न होऊन लढलेल्या बायाही या देशानं पाहिल्या आहेत. जगभरची ती पहिली फेरी निघाली १२ जून २००४ ला. त्यानंतर जेमतेम महिन्यानं, १५ जुलैला, इंफाळच्या कांगला किल्ल्याच्या दारात मणिपूरच्या बारा आया विवस्त्र उभ्या राहिल्या. थांगजाम मनोरमा या तरुणीला आसाम रायफल्सच्या जवानांनी घरातून नेलं होतं, मग तिचं प्रेत सापडलं. आणि त्या किल्ल्यात तळ होता तो आसाम रायफल्सचाच. त्यांच्या नग्नतेत गंमत नव्हती, गाणी नव्हती. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात आसाम रायफल्सनं तो किल्ला सोडला. एकाच वर्षातल्या या दोन गोष्टी. एक सणासारखी, दुसरी शेवटच्या शस्त्रासारखी. आपल्याकडे देह उघडा करणं हे अजून दुसऱ्या प्रकारात मोडतं. ते सायकल ट्रॅकसाठी वापरून टाकू नये, असं मला वाटतं.

मग कशासाठी काय वापरावं? इथं मी आपल्याच सायकलप्रेमी मंडळींशी थोडं भांडणार आहे. नागपुरात सायकलिंगचं वातावरण चांगलं आहे. डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिका आडवी पार करणारी ‘रॅम’ शर्यत एकट्यानं पुरी केली, तेव्हापासून तर पहाटे फुटाळा, सेमिनरी हिल्स, वर्धा रोड या बाजूंना हेल्मेट-चष्म्यातली पथकं दिसू लागली. मला कौतुक आहे. पण हा रविवारचा सायकलवाला आहे. त्याच्या सीटखाली लुकलुकणारा लाल दिवा आहे, पाठीवर चमकता पट्टा आहे, आणि घरी मोटार आहे. सोमवारचा सायकलवाला वेगळा. तो दूध घालतो, पेपर टाकतो, थापी-ओळंबा पिशवीत घालून चावडीच्या नाक्यावर उभा राहतो, किंवा मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलीवर हायस्कूलला जाते ती कुही-भिवापूरकडची पोरगी असते. देशातल्या जवळपास निम्म्या घरांत सायकल आहे, मोटार शंभरातल्या सात-आठ घरांत. तरी सायकलचं धोरण ठरवायला बोलावतात ते रविवारवाल्यांना, आणि ते बिचारे मागतात ट्रॅक. स्मार्ट सिटीच्या भरात काही रस्त्यांच्या कडेला तसे पट्टे आखलेही गेले. त्यांवर आज कार लागतात, आणि पाणीपुरीचा ठेला लागतो. पाणीपुरीवाल्याबद्दल माझी तक्रार नाही. तोही संध्याकाळी सायकलच ढकलत घरी जातो.

पर्यावरणाचंही असंच. कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांची राख ज्यांच्या अंगणात पडते ते लोक मुळातच सायकलनं किंवा पायी फिरतात. त्यांचं प्रबोधन करायला कोणी कपडे काढायची गरज नाही. आणि आपण मोठ्या अभिमानानं जी इलेक्ट्रिक गाडी घेतो, तिची वीज त्याच चिमणीतून येते. ती घेऊ नका असं मी म्हणत नाही. फक्त ‘शून्य प्रदूषण’ हे स्टिकर लावताना उत्तरेकडे एकदा पाहून घ्यावं.

सायकलवाल्यांच्या बाजूनं खरंच काही बदललं असेल तर ते नेदरलँड्समध्ये, आणि ते कपडे घालून बदललं. आज ज्या देशाकडे सगळे बोट दाखवतात, तिथं १९७१ साली रस्त्यांवर ३,३०० माणसं मेली. त्यांत चारशेहून अधिक मुलं होती. लोकांनी चळवळ उभारली तिचं नावच ‘बालहत्या थांबवा’ असं होतं. अपघात हा शब्दच त्यांनी नाकारला. रस्त्यावर सायकली टाकून आडवे झाले, गल्ल्या अडवल्या. तेलाचे भाव भडकले त्याचीही मदत झाली, हे खरं. पण नाव आधी बदललं होतं. आपलं ‘अज्ञात वाहन’ अजून तसंच आहे.

मला विचाराल तर नागपूरला सायकल ट्रॅकच्याही आधी त्या वीतभर कडेची मोजणी हवी. सिमेंट रस्ता कुठं संपतो, गट्टू किंवा मुरूम किती खाली आहे, हे फुटपट्टीनं मोजता येतं. ठेकेदाराचं बिल काढण्याआधी मोजता येतं. वस्तीतल्या रस्त्यांवर तीसची गती, कारण वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो, आणि हाडांना ते गणित शाळेत न जाता कळतं. शिफ्ट सुटायच्या वेळी हिंगणा आणि बुटीबोरीच्या रस्त्यांवर अप्पर मारणाऱ्यांना पावती. हेल्मेटसाठी आपण चौकाचौकांत पावत्या फाडतो. डोळ्यांत उजेड मारून माणूस पाडणाऱ्याची पावती मी तरी आजवर पाहिलेली नाही. रेडियम लावण्याच्या मोहिमा होतात, होऊ द्या, मीही पट्ट्या विकत घेऊन चार सायकलींना लावल्या आहेत. पण प्रत्येक पट्टी लावताना ते वाक्य कानात असतं. लाइट माझ्यापाशी आहे. दिसून घ्यायची जबाबदारी मी त्याच्या मडगार्डवर चिकटवतोय.

हे सगळं ठेल्यावर सांगितलं तेव्हा दुसरी प्लेट मागवून झाली होती. मघाचाच मित्र म्हणाला, ‘‘हे सारं ठीक हाये, पण लोकायनं पाह्यलं पाहिजे ना बे. त्या लंडनवाल्याकडं लोक पाह्यतात तं.’’

त्याचं म्हणणं चूक नव्हतं. पण लोकांना बघायला लावायचं शास्त्र नागपूरला लंडनहून आणावं लागत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे भले मोठे पुतळे, मिरवणुकीनं निघतात. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. इतवारी-महालात पाय ठेवायला जागा नसते. मागं बडगे. महागाईचा बडग्या, भ्रष्टाचाराचा बडग्या, खड्ड्यांचा बडग्या, ज्यानं त्यानं आपापल्या रागाचं बुजगावणं करून आणायचं, ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत गावाबाहेर न्यायचं आणि पेटवून द्यायचं. कुणाला शिवी द्यायची ती तोंडावर द्यायची, हजारोंच्या साक्षीनं द्यायची, आणि तीही कपडे घालून. असा रस्ता असताना आपण सायकलवाल्याचा बडग्या आजवर का केला नाही कोण जाणे.

‘‘करू ना,’’ मित्र म्हणाला. त्यानं तिथंच बोटानं टेबलावर चित्र काढलं. सायकलवाला नको, गाडीवालाच पाहिजे. पोट सुटलेला, स्टिअरिंगमागं बसलेला. डोळ्यांच्या जागी दोन मोठे हेडलाइट, फुल अप्पर. आणि डोळ्यांवर पट्टी. गळ्यात पाटी : अज्ञात वाहन.

‘‘तोंड कोणासारखं करतं?’’ ठेलेवाल्यानं विचारलं. ‘‘बडग्याले तोंड लागते.’’

दोन-तीन नावं निघाली, पुढाऱ्यांची, नेहमीचीच. मी पाकीट उघडलं. गेल्या वर्षी लायसन्सच्या नूतनीकरणासाठी काढलेल्या पासपोर्ट साइज फोटोंपैकी एक आत पडून होता.